दहाचे नाणे, फाटकी नोट आणि ‘चालत नाही’

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आठवडी बाजारात दहाचे नाणे पुढे केले की भाजीवाली ते दोन बोटांत धरून परत करते. ‘नोट असंल तर द्या, ह्ये आमच्याकडं चालत न्हाई.’ तेच नाणे घेऊन शेजारच्या तालुक्यात उतरावे, तर तिथला चहावाला बिनतक्रार गल्ल्यात टाकतो. पाचशेच्या नोटेचा कोपरा गेला असेल, तर पेट्रोल पंपापासून किराणा दुकानापर्यंत ती फिरून फिरून मालकाकडेच येते. शेवटी बाजारपेठेतल्या एखाद्या बोळात ‘फाटक्या नोटा बदलून मिळतील’ अशी पाटी दिसते आणि जे काम बँकेत फुकट व्हायचे, ते तिथे पैसे कापून होते. किती कापायचे हे नोट बघून ठरत नाही, गिऱ्हाइकाची घाई बघून ठरते.

हा ‘चालत नाही’चा निकाल कुठल्याही सरकारी कचेरीने दिलेला नाही. तरी तो कायद्याहून जास्त पाळला जातो. या बाबतीतले प्रत्यक्ष नियम, मापे आणि आकडे वाचकांच्या हाताशी असावेत म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, पण कात्री लावताना कृपया आकडे तेवढे ठेवावेत.

आधी नाण्याविषयी. दहाच्या नाण्याबद्दलची अफवा ठरलेली आहे : वरच्या कडेला दहा रेषा असलेले खरे, पंधरा रेषांचे खोटे. दोन्ही खरी आहेत. रुपयाची ₹ ही खूण २०१० साली जुलैमध्ये ठरली आणि पुढच्या वर्षीपासून नाण्यांवर आली. त्या नव्या नाण्यावर दहा रेषा आहेत. त्याच्या आधीच्या नाण्यावर ही खूण नाही आणि रेषा पंधरा आहेत. फरक नमुन्याचा आहे, खरेखोटेपणाचा नाही. शिवाय होमी भाभा जन्मशताब्दी, संसदेची साठ वर्षे, वैष्णोदेवी संस्थान, गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतल्याची शंभर वर्षे, डॉ. आंबेडकरांची १२५वी जयंती, योग दिन अशा निमित्तांनी काढलेली दहाची नाणीही खिशातून फिरत असतात. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून अशा १४ नमुन्यांची यादीच दिली आणि सगळे नमुने वैध असल्याचे सांगितले. १४४४० या क्रमांकावर फोन केला की तो आपोआप तुटतो, मग उलट फोन येऊन ध्वनिमुद्रित माहिती ऐकू येते, अशी सोयही केली. पण अफवा मोबाइलवरून फुकट पोचते आणि पत्रक इंग्रजीत निघते, तेव्हा बाजारात जिंकते कोण ते उघड आहे.

नाणे टांकसाळीतले आहे हे बघायचे असेल, तर रेषा मोजत बसू नये. सालाच्या खाली बारीक खूण असते. मुंबईच्या टांकसाळीची चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा आकार. हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूण नसते, त्यामुळे खूण नाही म्हणूनही नाणे खोटे ठरत नाही. मुलांना सुट्टीत द्यायला हा चांगला उद्योग आहे : घरातली चिल्लर चार ढिगांत लावायची.

कायदा काय म्हणतो? नाण्यांसाठी २०११चा नाणे कायदा आहे. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी १,००० रुपयांपर्यंतचे देणे फेडायला विधिग्राह्य, म्हणजे कायद्याने मान्य आहेत. पन्नास पैशांची नाणी १० रुपयांपर्यंत. म्हणजे कुणी ८,००० रुपयांचे भाडे नाण्यांच्या पोत्यात आणून टाकले, तर घरमालक नको म्हणू शकतो. चाळीस रुपयांच्या भाजीला चार नाणी दिली, तर ती रक्कम मर्यादेच्या कितीतरी आत आहे. आणि हो, पन्नास पैसे बंद झालेले नाहीत. ३० जून २०११पासून बंद झाली ती २५ पैसे आणि त्याखालची नाणी. पन्नास पैशांना हद्दपार केले ते बाजाराने. औषधाच्या दुकानात साडेसत्तेचाळीस रुपयांच्या बिलाला अठ्ठेचाळीस घेताना कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. उरलेल्या रुपया-दोन रुपयांची जागा काउंटरवरच्या गोळ्या-चॉकलेटांनी घेतली आहे. तेच चॉकलेट दुसऱ्या दिवशी आपण पैसे म्हणून देऊ लागलो तर दुकानदार घेईल का, हा प्रश्न विचारून बघण्यासारखा आहे.

‘दहाचे नाणे नाकारणे हा राजद्रोह आहे, तीन वर्षांची शिक्षा होते’ असा एक संदेश अधूनमधून फिरतो. तो भाजीवालीला दाखवून दम देणाऱ्यांनी जरा थांबावे. भारतीय दंडसंहितेतल्या ज्या १२४-अ कलमाचा त्यात हवाला असतो, त्याचा चिल्लर घेण्या-न घेण्याशी संबंध नव्हता, आणि ती संहिताच १ जुलै २०२४पासून जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. विधिग्राह्य म्हणजे देणे फेडायला कायद्याने मान्य. माल घ्यायच्या आधीच ‘मी नाणी घेत नाही’ असे सांगणाऱ्या फेरीवाल्यावर खटला उभा राहणे अवघड आहे. आणि तो उभा राहावा अशी इच्छाही धरू नये. कारण दोष भाजीवालीचा नाही.

ती नाही का म्हणते ते बघावे. दिवसभरात तिच्याकडे दहाची साठ नाणी जमली, तर पहाटे अडत्याला द्यायचे पैसे त्यात द्यावे लागणार. अडत्या म्हणतो, एवढी नाणी कोण मोजत बसणार? संध्याकाळी पतसंस्थेसाठी रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला येतो. त्याच्या खांद्याला एकच पिशवी असते आणि तीस-चाळीस दुकाने फिरायची असतात. दहाचे एक नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे दोन हजार रुपयांची नाणी दीड किलोच्या वर जातात. तोही नको म्हणतो. पतसंस्थेचा रोखपाल पिग्मीवाल्याला नको म्हणतो, कारण पतसंस्थेला शेवटी बँकेत भरणा करायचा असतो आणि बँकेच्या खिडकीवर ‘आज मशीन बंद आहे’, ‘जागा नाही’, ‘दुपारनंतर या’ हे ऐकून घ्यायचे असते. भाजीवालीचा नकार हा असा वरून खाली उतरत आलेला नकार आहे. नाणे खोटे आहे असे तिला वाटतेच असे नाही. ते आपल्याकडून पुढे कुणी घेणार नाही एवढे तिला पक्के ठाऊक असते. ज्या गावातली बँकेची एक शाखा नाणी मुकाट्याने घेते, तिथे बाजारही घेतो. ‘एका तालुक्यात चालते, दुसऱ्यात नाही’ या गूढाचे उत्तर बहुतेक वेळा एवढ्यातच असते.

या साखळीत एकच जागा अशी आहे जिला नाही म्हणण्याची मुभा नाही. ती म्हणजे बँक. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे बँकांच्या सर्व शाखांनी नाणी घ्यायची आहेत, भरण्यासाठीही आणि बदलून देण्यासाठीही. स्मॉल फायनान्स बँका आणि पेमेंट बँका यांना नोटा-नाणी बदलून देण्याबाबत ऐच्छिक मोकळीक आहे. पतसंस्था ही बँक नव्हे, हेही लक्षात ठेवावे. खात्यात किती नाणी भरावीत याला रिझर्व्ह बँकेने वरची मर्यादा घातलेली नाही. १,०००ची मर्यादा देण्याघेण्यातल्या सक्तीची आहे, बँकेतल्या भरण्याची नाही. या दोन गोष्टींची गल्लत खिडकीच्या दोन्ही बाजूंना होते.

मात्र भरणा करणाऱ्यानेही रोखपालाचा जीव खाऊ नये. सगळी चिल्लर एका पिशवीत ओतून नेली की भांडण ठरलेले. एकाच किमतीची १०० नाणी एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बंद करून, वर चिठ्ठी लावून न्यावीत. ही शंभराची पद्धत रिझर्व्ह बँकेच्याच सूचनेत आहे. एक आणि दोनच्या नाण्यांसाठी मोजण्याऐवजी वजन करून घ्यावे असेही तिथे म्हटले आहे. २०११पासूनचे स्टीलचे एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे आहे आणि दोनचे ४.८५ ग्रॅमचे. एकच्या शंभर नाण्यांची पिशवी ३७९ ग्रॅम भरली पाहिजे. साध्या किराणा काट्यावर ३९० आले, तर आत दोनची दहा-बारा नाणी शिरली आहेत असे समजावे. ३६५ आले, तर नाणी कमी आहेत. जुन्या नमुन्यांची वजने वेगळी असल्याने ती वेगळ्या पिशवीत ठेवावीत, नाहीतर हा हिशेब बोंबलतो. एक आणि दोनच्या स्टीलच्या नाण्यांत डोळसांचीही फसगत होते. दृष्टिहीन माणसाने ती कशी ओळखायची, हा विचार नाणी पाडणाऱ्यांनी उशिराच केला. आताचे वीसचे नाणे बारा कोनांचे आहे, ते तरी बोटांना कळते.

आता फाटक्या नोटेकडे येऊ. इथे लोकांचे नुकसान जास्त होते आणि माहिती सगळ्यात कमी आहे.

बँक नोटा दोन प्रकारच्या मानते : मळकी आणि फाटकी. मळकी म्हणजे वापरून काळवंडलेली, मऊ पडलेली. पण दोन तुकडे झालेली, दोन्ही तुकडे त्याच नोटेचे आणि मिळून पूर्ण नोट होते, अशी नोटसुद्धा मळक्यातच धरली जाते. तिचे पूर्ण पैसे मिळतात. सरकारी बँकेच्या कुठल्याही शाखेत किंवा खासगी बँकेच्या करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या नोटा-नाण्यांचा साठा ठेवण्याची तिजोरी) असलेल्या शाखेत ती खिडकीवर बदलून मिळते. त्यासाठी फॉर्म भरावा लागत नाही आणि त्या बँकेत खाते असण्याची गरजही नाही. म्हणून पहिला नियम : तुकडा शोधा. नोट फाटली की उरलेला भाग वाऱ्यावर सोडून मोठा तुकडा तेवढा खिशात घालणारे पुष्कळ, आणि त्या दोन बोटांच्या तुकड्याची किंमत अडीचशे रुपये असू शकते. कशी ते खाली दाखवतो.

ज्या नोटेचा भाग गहाळ आहे किंवा जिचे दोनाहून जास्त तुकडे झाले आहेत, ती फाटकी नोट. तिला रिझर्व्ह बँकेचे २००९चे नोट परतावा नियम लागू होतात. २०१६नंतरच्या नव्या नोटा आकाराने लहान असल्यामुळे २०१८च्या सप्टेंबरमध्ये या नियमांत दुरुस्ती झाली. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सगळ्यात मोठा अखंड तुकडा निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर काहीच नाही. पन्नास आणि त्यावरच्या नोटांना तीन पायऱ्या आहेत. ८० टक्क्यांहून जास्त भाग असेल तर पूर्ण किंमत. ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी. ४० टक्क्यांखाली शून्य. सगळे तुकडे एकत्र करून ही बेरीज होत नाही, सगळ्यात मोठा एक अखंड तुकडा मोजला जातो. म्हणून नोटेचे चार तुकडे करून बसणाऱ्या लहान मुलाच्या आईबापांना मी नेहमी म्हणेन, दोनावर थांबवा!

आता पाचशेची आताची नोट घ्या. लांबी १५० मिलिमीटर, रुंदी ६६. क्षेत्रफळ ९९ चौरस सेंटिमीटर. पूर्ण किमतीसाठी तुकडा किमान ८० चौरस सेंटिमीटरचा लागतो, निम्म्या किमतीसाठी ४०चा. समजा एका टोकाची अडीच सेंटिमीटरची उभी पट्टी गेली. गेलेला भाग साडेसोळा चौरस सेंटिमीटर, उरलेला साडेब्याऐंशी. पाचशे मिळतील. हीच पट्टी तीन सेंटिमीटरची असेल, तर उरतात ७९.२. अडीचशे! अर्ध्या सेंटिमीटरने अडीचशे रुपये जातात. आणि नऊ सेंटिमीटर गेले, तर उरलेला तुकडा ३९.६चा होतो आणि हातात काहीच पडत नाही. दोनशेच्या नोटेला हीच मापे ७८ आणि ३९ चौरस सेंटिमीटर अशी आहेत. शंभराची जुनी नोट १५७ बाय ७३ मिलिमीटरची आहे आणि नवी जांभळट नोट १४२ बाय ६६ची, त्यामुळे दोघींची मापे वेगळी. आपली नोट आधीच आलेखाच्या वहीवर ठेवून पेन्सिलीने कड आखावी आणि चौकोन मोजावेत. बँकेत जायच्या आधी आपल्याला किती मिळायला हवेत हे ठाऊक असले की खिडकीवर आवाज चढवावा लागत नाही.

संख्येचीही मर्यादा आहे. मळक्या नोटा दिवसाला २० नगांपर्यंत आणि ५,००० रुपयांपर्यंत असतील, तर खिडकीवर विनामूल्य बदलून द्यायच्या असतात. त्याहून जास्त असतील तर बँक पावती देऊन नंतर खात्यात रक्कम जमा करू शकते आणि आकारही लावू शकते. फाटक्या नोटा पाचपर्यंत असतील, तर करन्सी चेस्ट नसलेल्या साध्या शाखेनेही तिथल्या तिथे निवाडा करून पैसे द्यायचे आहेत. जमत नसेल तर पावती देऊन त्या चेस्टच्या शाखेकडे पाठवायच्या. ‘आमच्याकडे होत नाही, हेड ऑफिसला जा’ हे उत्तर नियमात कुठेही नाही. पाचाहून जास्त फाटक्या नोटा असतील, तर सरळ चेस्टची शाखा गाठावी. जिल्ह्याच्या गावी अशी शाखा सहज सापडते.

घोळ होतो तो घरच्या दुरुस्तीत. फाटलेल्या नोटेला लोक चिकटपट्टी लावतात, तीही दोन्ही बाजूंनी, क्रमांकावरून. जाड पट्टीची नोट मोजणीच्या यंत्रात अडकते, आणि पट्टी ओढून काढायला गेले की छपाईचा थर तिच्याबरोबर निघून येतो. आपल्या नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नाही, कापसाचा आहे. म्हणून पँटच्या खिशात धुऊन निघालेली नोट विरघळत नाही. ती फक्त सपाट ठेवून सावलीत वाळवावी. दोन तुकडे जोडायचेच असतील, तर मागच्या बाजूने पातळ कागदाची अरुंद पट्टी साध्या खळीने लावावी आणि क्रमांक मोकळे ठेवावेत. जोडण्याआधी दोन्ही तुकड्यांवरचा क्रमांक एकच आहे ना, हे अक्षरासकट जुळवून बघावे. दोन वेगळ्या नोटांचे तुकडे जोडून केलेल्या जोडनोटा बाजारात असतात. घाईत चिकटवलेली आपली नोटही रोखपालाला तशीच दिसते, मग तो संशयाने बघतो आणि त्यात त्याचे चूक नाही.

पेनाने आकडा लिहिलेली किंवा होळीच्या रंगाचा डाग पडलेली नोट बाद होत नाही. ‘लिहिलेली नोट चालणार नाही’ हा संदेश खोटा आहे. अपवाद एक : नोटेवर घोषणा किंवा राजकीय मजकूर लिहिला असेल तर ती विधिग्राह्य राहत नाही आणि बदलूनही मिळत नाही. मुद्दाम कापलेल्या किंवा फेरफार केलेल्या नोटेचेही तेच. क्रमांकात तारा असलेली नोट बघून घाबरणारेही भेटतात. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी शंभर नोटांच्या गड्डीत जी बदली नोट घालतात, तिच्यावर तारा असतो. २०२३च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेला हे मुद्दाम सांगावे लागले. आमच्या नाशिक रोडच्या प्रेसमध्ये १९२८पासून नोटा छापल्या जातात. त्या प्रेसच्या दारापासून हाकेच्या अंतरावरही ताऱ्याची नोट ‘डुप्लिकेट’ म्हणून परत होताना दिसते, याला काय म्हणावे!

लग्नातल्या नोटांच्या माळेविषयी एकच वाक्य : रिझर्व्ह बँकेने २००१ साली बँकांना गड्ड्यांना पिना मारणे बंद करायला लावले, आणि आपण नवरदेवाच्या गळ्यात घालायला करकरीत नोटांना अजून पिना मारतो.

आगीत होरपळलेल्या, वाळवीने जाळी केलेल्या, ओल लागून एकमेकींना चिकटून ढेप झालेल्या नोटा साध्या शाखेत घेत नाहीत. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इश्यू कार्यालयात, म्हणजे तिच्या नोटांचे काम बघणाऱ्या कार्यालयात जावे लागते. महाराष्ट्रात अशी कार्यालये तीन : मुंबईत फोर्टला, नवी मुंबईत बेलापूरला आणि नागपूरला. अशा वेळी सगळ्यात मोठी चूक म्हणजे ढेप सोडवत बसणे. प्रत्येक नोट वेगळी करायच्या नादात तिचे मोजता येण्याजोगे तुकडे राख होतात. मिळाली तशीच, डब्यासकट किंवा पत्र्याच्या पेटीसकट, खाली-वर कापूस घालून, न हलवता न्यावी. कपाटाला वाळवी लागल्याचे कळताच आधी औषध फवारायला धावू नये, त्याने नोटा आणखी भिजतात. हे पैसे परत मिळणे हा आपला हक्क नाही, हेही सांगितले पाहिजे. रिझर्व्ह बँक कायद्याच्या २८व्या कलमात गहाळ किंवा खराब नोटेची किंमत मागण्याचा अधिकार नाकारला आहे आणि जे दिले जाते ते सवलत म्हणून, असा त्याचा अर्थ आहे. सवलतीचे नियम मात्र लेखी आहेत, आणि खिडकीवरच्या माणसाच्या लहरीवर सोडलेले नाहीत.

दोन हजारांची नोट घरात निघाली तर गोंधळू नये. १९ मे २०२३ रोजी ती चलनातून मागे घेतली, रद्द केली नाही. साध्या बँकांतली मुदत ७ ऑक्टोबर २०२३ला संपली, पण रिझर्व्ह बँकेच्या इश्यू कार्यालयात समक्ष किंवा टपालाने पाठवून ती खात्यात जमा करता येते. २०१६च्या नोव्हेंबरात रद्द झालेल्या पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटांची गोष्ट वेगळी. त्या बदलण्याची कुठलीही वाट उघडी नाही. उलट २०१७च्या कायद्याप्रमाणे अशा दहाहून जास्त नोटा बाळगणे हाच गुन्हा आहे. आजीच्या ट्रंकेत पुडके सापडले म्हणून ‘कमिशनवर बदलून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. तसेच वैष्णोदेवीचे नाणे किंवा ट्रॅक्टरची पाचची नोट लाखाला विकत घेतो म्हणणारे. ते आधी ‘नोंदणी शुल्क’ मागतात आणि रिझर्व्ह बँकेचे नाव वापरतात. २०२१च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने याबद्दल सावध केले होते : ती बँक अशा व्यवहारात नाही आणि असे शुल्क कुणाकडून घेतही नाही.

आता बँकेने नाकारले तर काय. शाखेत तोंडी वाद घालू नये. ‘किती नोटा, कुठल्या किमतीच्या, किती वाजता, काय कारण देऊन परत केल्या’ एवढे चार ओळींत लिहून अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. पुष्कळदा काम तिथेच होते. कारण शिक्का मारणाऱ्याला ठाऊक असते की नोटा बदलून द्यायला किंवा नाणी द्यायला नकार दिल्याबद्दल रिझर्व्ह बँकेचा दंड १०,००० रुपये आहे, आणि एकाच शाखेत पाचाहून जास्त प्रकार सिद्ध झाले तर ५ लाख. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. लोकपालाच्या तक्रारीच्या पोर्टलवर (संकेतस्थळावर) मराठी न जमल्यास १४४४८ या क्रमांकावर विचारता येते. वकील लागत नाही, शुल्क नाही.

बँक कर्मचाऱ्यांची बाजूही खोटी नाही. शाखेत दोन रोखपालांच्या जागी एक आहे. त्याच खिडकीवर पेन्शन, बचत गटाचा भरणा आणि आधारची चौकशी आहे. नाणी ठेवायला तिजोरीत जागा नसते, आणि चेस्टची गाडी वेळेवर येत नाही. मोजणीत दहा रुपये कमी पडले तर ते त्याच्या खिशातून जातात. पण हे दुखणे बँकेच्या वरच्या मजल्यावर सुटायचे आहे. त्याचा भार भाजीवालीच्या टोपलीत टाकून भागणार नाही.

म्हणून मागणी साधीच आहे. ‘येथे मळक्या व फाटक्या नोटा स्वीकारून बदलून दिल्या जातात’ अशा अर्थाची पाटी शाखेत ठळक जागी लावण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने आधीच दिलेली आहे. ती पाटी बहुतेक शाखांत एकतर नसते किंवा एटीएमच्या मागच्या भिंतीवर, इंग्रजीत, कॅलेंडरखाली असते. जिल्हा अग्रणी बँकेने प्रत्येक शाखेत ती मराठीत, खिडकीच्या वर लावून घ्यावी आणि पाटीच्या खाली या पत्रातली पाचशेच्या नोटेची मापे चित्रासह द्यावीत. नाणी वाटपाचे मेळावे बँका भरवतात, ते शाखेच्या आवारात न भरवता आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारातच भरवावेत, आणि तिथे नाणी नुसती वाटू नयेत, परतही घ्यावीत. बाजार समितीने अडत्यांना शंभराच्या पिशव्यांत नाणी घेण्याची सवय लावावी. एसटीच्या वाहकाकडे रोज सुट्ट्यांची चणचण असते आणि तो तिकिटाच्या मागे ‘४ रु. येणे’ लिहून देतो. त्याच बसस्थानकाबाहेरचा फळवाला नाणी कुठे खपवायची या विवंचनेत असतो. आगाराच्या खिडकीवर सकाळी तासभर पिशवी देऊन नोटा न्यायची सोय केली, तरी दोघांचे काम होईल. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, फक्त एक टेबल, एक वजनकाटा आणि पारदर्शक पिशव्या लागतात.

कळावे,
आपला,
एक निवृत्त रोखपाल,
नाशिक रोड